भंगारातील मोटरीवर घरगुती पवनचक्की

प्रश्न (खानापूर तालुका): आमच्या शेतघरावर पावसाळ्यात वीज वारंवार जाते, परंतु त्याच दिवसांत पश्चिमेचा वारा भरपूर असतो. भंगारातून आणलेला मोटारगाडीचा अल्टरनेटर (इंजिनाच्या फिरण्यावर वीज तयार करणारे यंत्र) आणि पीव्हीसी पाइपची पाती वापरून १२ व्होल्टची बॅटरी चार्ज करता येईल का?

उत्तर (निपाणी): अल्टरनेटर टाळावा, कारण तो मिनिटाला हजाराहून अधिक फेरे मागतो, घरगुती पाती तीनचारशेच्या वर क्वचितच जातात आणि त्याचे चुंबकत्व टिकवण्यासाठी बॅटरीचीच वीज खर्च होते. जुन्या ट्रेडमिलची कायमचुंबकाची डीसी मोटर मिळाल्यास उत्तम; ती बाहेरून फिरवली की स्वतःच वीज देते. मोटर आणि बॅटरी यांच्या मध्ये डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) मात्र बसवावा, अन्यथा वारा पडताच बॅटरीच मोटर फिरवू लागते. आमच्या पवनचक्कीचा एका रात्री असाच पंखा झाला होता.

उत्तर (बेळगाव): अपेक्षा बेताच्या ठेवाव्यात. सेकंदाला ५ मीटर वाऱ्यात १.२ मीटर व्यासाची पाती जेमतेम २० वॅट देतील. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातील शक्ती आठपट होते, म्हणून झाडांच्या वर जाणारा आणि तारांनी ताणून बांधलेला खांब मोटरीइतकाच महत्त्वाचा आहे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. अल्टरनेटर परत करून ट्रेडमिलची मोटर शोधतो.