ब्रिटिश स्त्रियांचा मताधिकार ही पहिल्या महायुद्धाची देणगी होती काय?
(चर्चास्थळावरचा वाद; प्रत्येक उत्तराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

तळटीप
शांततेच्या पन्नास वर्षांत अर्जविनंत्यांनी जे साधले नाही ते तोफांनी चार वर्षांत साधले आणि ब्रिटिश स्त्रियांच्या पदरात मताधिकार पडला, असे 'तोफखाना' यांनी काल येथे ठामपणे लिहिले. हे विधान इतक्या वेळा ऐकले आहे की आता सविस्तर उत्तर देणे भाग आहे.

फेब्रुवारी १९१८ च्या कायद्याने मत नेमके कोणाला दिले ते आधी पाहावे. स्त्रीचे वय तीस पूर्ण हवे होते; शिवाय ती किंवा तिचा नवरा घराच्या वा जागेच्या ताब्यामुळे स्थानिक मतदार म्हणून पात्र असावा लागे, नाहीतर ती पदवीधर असावी लागे. दारूगोळ्याच्या कारखान्यांत टीएनटी हे स्फोटक भरता भरता ज्यांची कातडी पिवळी पडली आणि त्यामुळे ज्यांना लोक 'कॅनरी' (एक पिवळा पक्षी) म्हणू लागले, त्यांतल्या असंख्य मुली विशीतल्या होत्या. चिलवेलच्या कारखान्यात १ जुलै १९१८ रोजी स्फोट होऊन १३४ जण ठार झाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात निवडणूक झाली, तेव्हा अशा कारखान्यातल्या बावीस वर्षांच्या मुलीला मत नव्हते आणि एकोणीस वर्षांच्या सैनिकाला मात्र होते. युद्धसेवेचे बक्षीसच द्यायचे होते, तर ते राबणारीला वगळून तिच्या आईला कसे मिळाले? पुरुष मोठ्या संख्येने मारले गेल्यामुळे समान वयोमर्यादा ठेवली तर स्त्रियांचे बहुमत होईल, ही धास्ती त्यामागे होती. वयोमर्यादा समान व्हायला १९२८ उजाडले.

शिवाय १९११ मध्येच मर्यादित मताधिकाराचे विधेयक कनिष्ठ सभागृहात दुसऱ्या वाचनापर्यंत भरघोस बहुमताने गेले होते. ते अडवून ठेवले ते पंतप्रधान अ‍ॅस्क्विथ यांच्या सरकारने. फिनलंडने १९०६ मध्ये आणि नॉर्वेने १९१३ मध्ये स्त्रियांना मत दिले, तेव्हा तिथे कोणत्या तोफा धडाडत होत्या?

तोफखाना
उत्तर वाचून करमणूक झाली, कारण आपण दिलेले पहिलेच उदाहरण माझ्या बाजूचे आहे. फिनलंड तेव्हा रशियाच्या झारच्या अमलाखाली होते. जपानकडून झालेला पराभव, १९०५ ची क्रांती आणि फिनलंडमधला सार्वत्रिक संप यांनी झार नमला, म्हणून १९०६ ची सुधारणा झाली. तोफा हेलसिंकीत नव्हत्या, मांचुरियात होत्या, एवढाच काय तो फरक.

आता ब्रिटनकडे येऊ. जुन्या कायद्याप्रमाणे मतदाराला वर्षभर एका जागी राहावे लागे, आणि लाखो पुरुष तर फ्रान्समधल्या खंदकांत होते. सैनिकांनाच मत नाही अशी निवडणूक कोणीही घेऊ शकला नसता, त्यामुळे मतदारयादी मुळापासून नव्याने करणे अपरिहार्य झाले. त्यासाठी कनिष्ठ सभागृहाच्या सभापतींच्या अध्यक्षतेखाली सर्वपक्षीय परिषद बसली आणि त्या उघडलेल्या दारातून स्त्रियांचा प्रश्न आत आला. डिसेंबर १९१६ मध्ये अ‍ॅस्क्विथ युद्धाच्या गैरकारभारामुळेच पायउतार झाले, आणि स्त्रियांनी युद्धकाळात स्वतःचा उद्धार स्वतः करून घेतला, अशी कबुली त्यांनीच मार्च १९१७ मध्ये दिली. अडथळा युद्धाने काढला, यादी युद्धाने उघडली. मग श्रेय कोणाला द्यायचे, हवामानाला?

गिरणगावकर
दोघेही कायद्याच्या कलमांत रमला आहात. कारखान्यातल्या बाईचे पुढे काय झाले, हे कोणीच सांगत नाही. १९१९ मध्ये युद्धपूर्व कामपद्धती पुन्हा लागू करणारा कायदा झाला आणि ज्या लेथवर बाई चार वर्षे उभी होती, तो परत आलेल्या पुरुषाच्या हवाली झाला. माझी आजी मुंबईच्या एका गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. नवी यंत्रे आली तेव्हा त्या खात्यातल्या बायकांना सर्वांत आधी हिशेब मिळाला, आणि जॉबरने, म्हणजे मुकादमाने, तिला ऐकवले की तुझ्या घरी नवरा कमावता आहे, तुला कशाला हवे काम? आजोबा तेव्हा क्षयाने अंथरुणाला खिळले होते. त्यामुळे समाजबदल हा शब्द ऐकला की मला आधी मस्टर पाहावेसे वाटते.

तोफखाना
आपल्या आजींविषयी पूर्ण आदर ठेवून सांगतो की, प्रश्न मताधिकाराचा आहे, रोजगाराचा नाही. प्रत्येक धाग्यावर गिरणी आणलीच पाहिजे असा काही दंडक आहे का?

गिरणगावकर
आपल्या प्रत्येक धाग्यावर रणगाडे येतात, तेव्हा मी विचारले नव्हते.

आल्प्सपार
स्वित्झर्लंडमध्ये राहत असल्यामुळे राहवत नाही. हा देश दोन्ही महायुद्धांत तटस्थ राहिला आणि इथे संघीय पातळीवर स्त्रियांना मत मिळाले ते ७ फेब्रुवारी १९७१ रोजी. शेजारच्या आजीबाई सांगतात की त्यांच्या पहिल्या मतदानाच्या वेळी त्यांचा धाकटा मुलगा शाळेत जात होता आणि नवऱ्याने कागद कसा घालायचा ते शिकवायला घेतले, तेव्हा त्यांनी त्याला बाहेर उभे केले. म्हणजे 'तोफखाना' यांचे म्हणणे एका अर्थी खरेच दिसते: युद्ध नाही, तर मतही नाही.

तळटीप
मुळीच नाही. तटस्थ डेन्मार्कने १९१५ मध्येच मत दिले, तटस्थ नेदरलंड्सने १९१९ मध्ये दिले. युद्धात होरपळलेल्या फ्रान्समध्ये मात्र प्रतिनिधीगृहाने १९१९ मध्ये मंजूर केलेला प्रस्ताव १९२२ मध्ये सिनेटने फेटाळला, कारण स्त्रिया पाद्र्यांच्या सांगण्यावरून मत देतील अशी रॅडिकल पक्षाची भीती होती. व्हर्दँच्या लढाईच्या काळात शेती आणि कारखाने सांभाळणाऱ्या फ्रेंच स्त्रीला १९४४ पर्यंत थांबावे लागले.

तोफखाना
आणि १९४४ मध्ये काय चालले होते, सत्यनारायण? तो अध्यादेश मुक्त फ्रान्सचे नेते द गॉल यांच्या समितीने अल्जीर्समधून काढला, भर युद्धात.

आल्प्सपार
स्वित्झर्लंडचा मुद्दा इतक्या झटपट गुंडाळू नका. तटस्थ म्हणजे निवांत नव्हे. दोन्ही युद्धांत पुरुष सरहद्दीवर तैनात होते आणि शेते, गोठे, दुकाने बायकांनी चालवली. दुसऱ्या युद्धात तर सैन्याच्या सहायक दलातही त्या होत्या. तरीही मत नाही. पुढे १९५७ मध्ये नागरी संरक्षणाची सेवा स्त्रियांवर सक्तीची करण्याचा प्रस्ताव सार्वमताला आला, आणि ते सार्वमत अर्थातच फक्त पुरुषांचे होते. तेव्हा वालिस प्रांतातील उंटरबेख या डोंगरातल्या खेड्यात बायकांनी, निकालात आपली मते धरली जाणार नाहीत हे ठाऊक असताना, वेगळ्या पेटीत मते टाकली. दोन वर्षांनी मताधिकाराचाच प्रश्न देशापुढे आला आणि दर तीन पुरुषांपैकी दोघांनी नकार दिला.

आपेनत्सेल इनररोडन या कँटनची, म्हणजे प्रांताची, कथा तर आणखी बोलकी आहे. तिथे एप्रिल महिन्याच्या अखेरच्या रविवारी मतदार चौकात गोलाकार उभे राहून हात वर करून मत देतात, आणि पुरुषाच्या कमरेची तलवार हाच त्याच्या मताधिकाराचा दाखला मानला जातो. कित्येक घरांत ती तलवार बापाकडून मुलाकडे येते. १९९० मध्येही त्या तलवारधाऱ्यांनी स्त्रियांना नाकारले. अखेर त्याच वर्षी संघीय न्यायालयाने हुकूम काढला. आज स्त्रिया छापील मतदानपत्र दाखवून त्या रिंगणात जातात.

तळटीप
ही तलवारच या वादाचे मूळ आहे. जो शस्त्र धरतो तो नागरिक, ही युरोपातली जुनी समजूत युद्धाने मोडली नाही, उलट पक्की केली. ब्रिटनच्या त्याच १९१८ च्या कायद्याने, सदसद्विवेकाला स्मरून लढायला नकार देणाऱ्या पुरुषांचे मत पाच वर्षांसाठी काढून घेतले आणि एकोणीस वर्षांच्या सैनिकाला ते बहाल केले. ज्या कायद्याला आपण स्त्रियांचा विजय म्हणता, तो आधी सैनिकांचा कायदा होता. मताधिकार चळवळीच्या नेत्या मिलिसेंट फॉसेट यांच्यासारख्यांनी अनेक दशके संघटना बांधून ठेवली नसती, तर त्या परिषदेत स्त्रियांचे नावही निघाले नसते.

तोफखाना
सैनिकांचा कायदा होता, हेच मी पहिल्या उत्तरात मतदारयादीच्या निमित्ताने लिहिले होते. आपण ते आता स्वतःच्या नावावर जमा केलेत, तर माझी हरकत नाही. संघटना नसती तर दार उघडूनही आत कोणी गेले नसते, एवढे मी मान्य करतो, आणि ही माझ्याकडून या महिन्याची शेवटची सवलत समजावी. पण बंद दारावर त्या संघटनेने १९१४ पर्यंत किती वर्षे डोके आपटले, तेही लिहा.

गिरणगावकर
मुंबई इलाख्याच्या विधिमंडळाने १९२१ मध्ये स्त्रियांना मत दिले, तेही मालमत्तेच्या अटीवर. माझ्या आजीच्या सासूबाई तेव्हा चाळीत भाड्याने राहत होत्या. त्यांच्यासाठी दार कोणी उघडले होते, ते दोघांपैकी एकाने सांगावे, मी थांबतो.