अंदमानच्या समुद्रात वायू सापडला, म्हणजे नेमके काय सापडले?

गाळवाचक
सप्टेंबर 2025 मध्ये ऑइल इंडियाच्या श्री विजयपुरम-2 या विहिरीत नैसर्गिक वायू लागल्याचे जाहीर झाले. विहीर अंदमानच्या पूर्व किनाऱ्यापासून सुमारे 17 किलोमीटरवर, 295 मीटर पाण्यात आहे. वायू 2212 ते 2250 मीटर खोलीच्या थरांत मिळाला आणि त्यात 87 टक्के मिथेन आहे. (आपल्याकडे 400 मीटरपलीकडच्या पाण्यालाच खोल समुद्र म्हणतात, हे जाता जाता नोंदवतो.) त्याच वर्षी 15 ऑगस्टला राष्ट्रीय खोल समुद्र शोध मोहिमेची घोषणा झाली होती आणि समुद्रात प्रचंड तेलसाठे सापडलेल्या दक्षिण अमेरिकेतील गयाना देशाशी तुलनाही कानावर पडते आहे.

माझा आक्षेप विहिरी खोदण्याला नाही, साठा मोजण्याआधीच तो गृहीत धरण्याला आहे. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील केजी-डी6 या क्षेत्रात 2002 साली मोठा शोध लागला आणि एप्रिल 2009 मध्ये उत्पादन सुरू झाले. दिवसाला 8 कोटी घनमीटर वायू मिळेल या अपेक्षेवर वीजप्रकल्प, खत कारखाने आणि वाहिन्यांचे नियोजन झाले. उत्पादन 2010 मध्ये 6 कोटींच्या आसपास पोहोचले आणि तेथूनच घसरू लागले. धीरूभाई-1 आणि 3 या मुख्य साठ्यांतून काढता येईल असा वायू आधी सुमारे 10 लाख कोटी घनफूट धरला होता, तो पुढे सुमारे 3 लाख कोटींवर आला आणि फेब्रुवारी 2020 मध्ये ते साठे बंद झाले. तो वायू ज्या वाळूच्या थरांत होता, त्या वाळूने शिकवलेला धडा विसरून आपण अंदमानला निघालो आहोत, असे मला वाटते.

पूर्वकिनारा
आपण निम्मीच गोष्ट सांगितलीत. त्याच केजी-डी6 मध्ये आर-क्लस्टर डिसेंबर 2020 मध्ये, सॅटेलाइट क्लस्टर एप्रिल 2021 मध्ये आणि एमजे 2023 मध्ये सुरू झाले, आणि ही तिन्ही नवी वायुक्षेत्रे मिळून दिवसाला सुमारे 3 कोटी घनमीटर, म्हणजे देशातील उत्पादनाच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याइतका वायू देऊ लागली. आर-क्लस्टरवर पाणी 2000 मीटरहून खोल आहे. एमजेचा साठा तर जुन्या साठ्याच्याही सुमारे 2000 मीटर खाली, उच्च दाब आणि उच्च तापमानाच्या खडकात आहे. पहिल्या अपयशानंतर खोरे सोडून दिले असते तर हे काहीच हाती लागले नसते.

शिवाय घसरणीचा सगळा दोष भूगर्भावर टाकणे मला पटत नाही. मंजूर आराखड्याप्रमाणे विहिरी खोदल्या नाहीत म्हणून उत्पादन पडले, अशी सरकारची बाजू होती. भूगर्भच अनपेक्षित निघाला, अशी क्षेत्र चालवणाऱ्या रिलायन्स कंपनीची बाजू होती. हा वाद वर्षानुवर्षे चालला. तो न सांगता धडा काढणे घाईचे आहे.

गाळवाचक
वाद होता हे मान्य. पण विहिरी वाढवल्या असत्या तरी जी वाळू एकमेकींना जोडलेलीच नव्हती ती जोडली गेली नसती, आणि माझा मुद्दा नेमका तोच आहे. प्लायोसीन-प्लाइस्टोसीन काळात (सुमारे 53 लाख ते 12 हजार वर्षांपूर्वी) गोदावरीचा गाळ खंडाच्या कडेच्या उतारावरून गढूळ प्रवाहांच्या रूपाने खाली घसरला आणि समुद्रतळावर नागमोडी नाले खोदत गेला. नाल्याच्या तळाशी जाड वाळू साचली, तर काठांवर वाळूचे पातळ पापुद्रे चिखलाच्या थरांत अडकून राहिले. भूकंपीय सर्वेक्षणात, म्हणजे खाली ध्वनिलहरी पाठवून त्यांच्या प्रतिध्वनींवरून काढलेल्या नकाशात, हे सारे एकच मोठे, झळकणारे क्षेत्र दिसते. पातळ थरांतील वायू किती, आणि एका कप्प्यातून दुसऱ्यात तो वाहून येईल का, हे दाब उतरू लागल्यावरच कळते. येथे दाब अपेक्षेपेक्षा फार लवकर उतरला आणि पाणीही आत शिरले.

त्या झळाळीबद्दल आणखी एक गोष्ट. वाळूच्या छिद्रांत वायूचे प्रमाण अगदी थोडे असले तरी ध्वनिलहरींचा वेग झपाट्याने उतरतो. त्यामुळे काही टक्केच वायू असलेला निरुपयोगी थर आणि वायूने गच्च भरलेला थर नकाशावर जवळपास सारखेच उजळतात. श्री विजयपुरम-2 च्या चाचणीत अधूनमधून पेटलेली वायूची ज्वाला या दोहोंपैकी काहीच सिद्ध करत नाही.

उरणकर
या चर्चेत मुंबई हायचे उदाहरण कोणीतरी आणेलच, म्हणून आधीच लिहितो. तेथील उंचवटा साठच्या दशकातील सोव्हिएत सर्वेक्षणात दिसला आणि तेल 1974 साली लागले, म्हणजे मधली बरीच वर्षे गेली. पण तेथे पाणी जेमतेम 75 मीटर आहे आणि मुख्य साठा मायोसीन काळातील (सुमारे 2.3 कोटी ते 53 लाख वर्षांपूर्वीच्या) चुनखडकात आहे, जो मैलोगणती सलग पसरलेला आहे. एका विहिरीने दुसऱ्या विहिरीचा अंदाज द्यावा, असे ते क्षेत्र आहे. नाल्यांच्या वाळूत असा भरवसा नसतो. आपल्या पिढीचा आत्मविश्वास चुनखडकावर वाढला आणि तो आपण वाळूवर लावला, असे मला नेहमी वाटत आले आहे.

पूर्वकिनारा
उरणकरांचे म्हणणे मला पटते, पण त्यातून विरुद्ध निष्कर्षही निघतो. अंदमान हे केजीसारखे खंड दुभंगून जन्मलेले शांत किनाऱ्याचे खोरेच नाही. भारतीय भूपट्ट तेथे पूर्वेकडच्या भूपट्टाखाली घुसतो आहे. बॅरन बेटावरील जागृत ज्वालामुखी त्याच घडामोडीचा भाग आहे. तेव्हा केजीच्या वाळूचा दाखला देऊन अंदमान बाद करणे म्हणजे चुनखडकाचा दाखला देऊन केजी फुगवण्यासारखेच झाले. त्याच सागराच्या दक्षिण टोकाला, इंडोनेशियाच्या हद्दीत, डिसेंबर 2023 मध्ये लायारान-1 या विहिरीत खोल पाण्यात मोठा वायुसाठा मिळाला. विहिरी खोदल्याशिवाय आपल्या बाजूला काय आहे ते कोण सांगणार?

गाळवाचक
अंदमान बाद करा असे मी म्हटलेले नाही. उलट तेथील थंड भूगर्भाचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. 2006 च्या राष्ट्रीय वायू-हायड्रेट मोहिमेत अंदमानजवळ समुद्रतळाखाली सुमारे 600 मीटरपर्यंत, ज्वालामुखीच्या राखेच्या थरांत, गोठलेले मिथेन हायड्रेट, म्हणजे बर्फासारख्या घन पाण्यात अडकलेला मिथेन, सापडले होते. ते इतक्या खोलीपर्यंत टिकते, कारण खाली जाताना उष्णता फार हळू वाढते. थंड खोऱ्यात उगम खडक, म्हणजे ज्यातील सेंद्रिय पदार्थांपासून वायू बनतो तो खडक, शिजून वायू तयार होण्यास अधिक खोली लागते. मग या विहिरीतील वायू जिवाणूंनी बनवलेला आहे की खोल उष्णतेने, हा पहिला प्रश्न ठरतो, आणि त्याचे उत्तर कार्बनच्या समस्थानिकांच्या (वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या) तपासणीतून मिळते. लायारानचा दाखला त्यानंतर द्यावा.

गुहागर
खडकाचा अभ्यास माझा नाही, पण आकड्यांची किंमत आमच्या तालुक्याने मोजली आहे. दाभोळजवळचा 1967 मेगावॉटचा रत्नागिरी वायू विद्युत प्रकल्प केजी-डी6 चा वायू आटल्यावर 2013 मध्ये बंद पडला होता. वायू शोधू नका असे मी म्हणणार नाही, कारण देशाला लागणाऱ्या वायूपैकी जवळपास निम्मा आयात होतो. मात्र पुढचा प्रकल्प घोषणेवर नव्हे, किमान दोन वर्षे मोजलेल्या दाबावर उभारावा, एवढे मागणे आहे.

पूर्वकिनारा
दोन वर्षे दाब मोजण्यासाठी आधी उत्पादन सुरू करावे लागते, आणि खोल समुद्रात उत्पादन सुरू करण्याआधीच वाहिन्या आणि समुद्रतळावरील यंत्रणेवर अफाट पैसा ओतावा लागतो. ग्राहकाचा करार नसेल तर तो पैसा कोणी देत नाही. ही गाठ कशी सोडवावी हे आपणच सांगा.

गाळवाचक
पुरती सुटणार नाही, पण सैल करता येते. खात्रीच्या कप्प्यापुरताच करार करावा, संशयास्पद कप्प्यांचा वायू त्यात धरू नये आणि साठा मोजण्यासाठी खोदलेल्या मूल्यांकन विहिरींचे अहवाल ठरावीक मुदतीत खुले करावेत. केजीच्या वेळी जो आकडा छापून आला तो सर्व कप्प्यांची बेरीज होता.