सोसायटी ग्रुप : पार्किंगमधील तेलाचा डाग

ए-१०२ (शनिवार, सकाळी ७.४०)
सर्वांना नमस्कार. कोल्हापूरहून आंबा घाटाने रत्नागिरीस परतल्यापासून माझ्या गाडीखाली जांभ्याच्या फरशीवर रोज सकाळी रुपयाएवढा डाग दिसतो. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या जोडावरून तेल ठिबकत असल्याने मागचे क्रँक सील (इंजिनच्या फिरत्या दांड्याभोवती तेल अडवणारे कडे) गेले असणार आणि त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागेल, असे गॅरेजमध्ये सांगण्यात आले. गणपतीला गावी जायचे आहे. काका, हा खर्च आताच करावा का?

बी-२०१ (सकाळी ७.५२)
भाऊ, ते एसीचे पाणी नाही ना? आमच्या गाडीखालीही ओल दिसते.

ए-१०२ (सकाळी ७.५५)
नाही वहिनी, रंग काळा आहे आणि बोटाला बुळबुळीत लागते.

सी-३०३ (सकाळी ८.३०)
गिअरबॉक्स उतरवण्यास अजून होकार देऊ नका. तेल इंजिनच्या अंगावरून खाली ओघळते आणि गाडी धावताना वाऱ्याने मागे सरकते. त्यामुळे थेंब जिथून पडतो तिथेच गळती असेल असे नाही. टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या) मागच्या कोपऱ्यातून निघालेले तेल नेमके त्याच जोडावर येऊन ठिबकते आणि सील गेल्याचा भास होतो. कव्हरची गळती असेल तर त्याखालचे फक्त पॅकिंग (रबरी पट्टी) बदलायचे असते, तर सीलसाठी दिवसभराची मजुरी द्यावी लागते, म्हणून मी इतक्या आग्रहाने सांगत आहे.

आधी सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी, तेल मोजायच्या कांडीवर पातळी पाहून लिहून ठेवा. नंतर गार इंजिनवर डिग्रीझर (तेलकट मळ सोडवणारे द्रावण) मारून ब्रशने आणि फडक्याने सगळा मळ काढा. अल्टरनेटर आणि वायरचे जोड यांवर जोराच्या पाण्याचा फवारा मात्र मारू नका. सगळे सुकल्यावर टॅपेट कव्हरच्या कडेने, ऑइल फिल्टर आणि तेलाच्या दाबाचा प्रेशर स्विच यांच्याभोवती साधी टाल्कम पावडर भुरभुरवा, पंधरा-वीस मिनिटे गाडी फिरवून आणा आणि टॉर्च घेऊन वरून खाली पाहत या. सर्वांत वर जिथे पावडर भिजलेली दिसेल, तेच गळतीचे मूळ होय. खाली संरक्षक पत्रा असेल तर तो काढूनच पाहा, कारण त्यावर तेल साचून भलत्याच ठिकाणी थेंब पडतो. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत इंजिनच्या तळाचे पत्र्याचे ऑइल चेंबर गंजून पाझरू लागते, तेव्हा ड्रेन नटचे वॉशर पाहताना चेंबरवरूनही बोट फिरवा.

ए-१०२ (रविवार, सायंकाळी ६.१५)
काका, आपला अंदाज खरा ठरला. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात पावडर भिजली असून तेथून खाली जोडापर्यंत काळी रेघ उतरली आहे. तेल भरायच्या झाकणाच्या आत मलईसारखा पिवळसर थरही दिसला.

सी-३०३ (सायंकाळी ६.४०)
कूलंटची (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी उतरत नसेल तर तो थर दमटपणाचा असावा. घर ते बाजार एवढ्याच फेऱ्यांत इंजिन पुरेसे तापत नाही आणि आतली वाफ बाहेर पडत नाही. तोच चिकट थर टॅपेट कव्हरवरच्या पीसीव्ही व्हॉल्व्हमध्ये (इंजिनच्या आतली वाफ आणि वायू काढून घेणाऱ्या झडपेत) आणि त्याच्या नळीत साचला की आतला दाब वाढतो आणि तो दाब तेल पॅकिंगमधून बाहेर ढकलतो. व्हॉल्व्ह तुंबलेला ठेवून नवे पॅकिंग बसवले तर तेही लवकरच पाझरू लागेल, म्हणून दोन्ही कामे एकदमच करून घ्या.

पॅकिंग बसवण्यापूर्वी दोन्ही पृष्ठभाग कोरडे आणि स्वच्छ असावेत. सिलिकॉन लावायचेच असेल, तर हेड (इंजिनचा वरचा भाग) आणि टायमिंग कव्हर (इंजिनच्या बाजूचे झाकण) जिथे जुळतात त्या कोपऱ्यांवर एकेक ठिपका पुरे. सगळीकडे फासलेले सिलिकॉन आत सुटते आणि चेंबरमधल्या जाळीत अडकून तेलाची वाट बंद करू शकते. बोल्ट मधून सुरुवात करून आलटून पालटून, टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोरानेच आवळता येणाऱ्या पान्याने) आवळावेत. ६ मिमीच्या बोल्टांना अनेक गाड्यांत १० न्यूटन-मीटरच्या आसपासच ताण पुरतो. गळती थांबावी म्हणून जास्त आवळले की कव्हर वाकते किंवा ॲल्युमिनियमचे आटे जातात. काम होईपर्यंत तेल सायलेन्सरच्या गरम भागावर पडत नाही ना, याकडे लक्ष द्या. चालताना तेलाचा लाल दिवा लागला तर घाटातसुद्धा सुरक्षित जागा पाहून इंजिन लगेच बंद करा.

सचिव (सायंकाळी ७.०५)
फरशीवरचा डाग पाण्याने धुऊ नये, कारण उतार विहिरीच्या बाजूला आहे. लाकडाचा भुसा टाकून तेल शोषून घ्यावे आणि तो भुसा वेगळ्या पिशवीत भरून द्यावा.

ए-१०२ (बुधवार, रात्री ८.२०)
पॅकिंग बदलले. पीसीव्ही व्हॉल्व्ह पूर्ण जाम झाला होता, तोही नवा घातला. दोन रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरून ठेवले होते, ते कोरडे राहिले. डागावर भुसा टाकला आहे. रविवारी आंबा घाट चढून-उतरून आलो की त्याच कोपऱ्यात पुन्हा पावडर मारून पाहीन आणि कांडीची नोंद येथे कळवीन.