सूट येते कुठून?
सरकारने औषधांची किंमत बांधली, तर मेडिकलवाल्याला 20 टक्के सूट परवडते कशी, हा प्रश्न रास्त आहे भाऊ. पण किंमत बांधलीय ती सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतल्या औषधांची. 2013च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाप्रमाणे, बाजारात किमान 1 टक्का वाटा असलेल्या ब्रँडांचे दुकानदाराला पडणारे भाव घेऊन सरासरी काढतात आणि त्यावर 16 टक्के दुकानदाराचे. यादीबाहेर छापील किंमत कंपनीच ठरवते. वर्षाला 10 टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही, एवढंच बंधन. खरी गंमत तिथेच. परवा मेडिकल चौकात आईच्या गोळ्यांची पट्टी घेतली. छापील 118, पोराने न मागता 60ला दिली. मग त्याला पडली कितीला? (आई म्हणते, देवमाणूस!) 2019मध्ये कॅन्सरच्या 42 औषधांवर 30 टक्के मार्जिनची (विक्रेत्यांच्या नफ्याची) मर्यादा आली, तशी या पट्टीवर हवी होती.