कॅम्पग्राउंडची मेंबरशिप घ्यावी का? सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय

रानवाट:
नमस्कार मंडळी, आम्ही ह्यूस्टनला असतो, मागच्या वर्षी २४ फुटी सेकंडहँड ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे जोडून न्यायचं छोटं घर) घेतला आणि मुलं (९ आणि १२) इतकी खूश आहेत की आता हॉटेलचं नावच काढू देत नाहीत. तर मागच्या महिन्यात फोन आला की आमच्या कॅम्पग्राउंडवर दोन रात्री फुकट राहा, वर १०० डॉलरचं गिफ्टकार्ड, फक्त नवराबायको दोघांनी मिळून ९० मिनिटांची टूर घ्यायची. गेलो. जागा खरंच छान होती, तळं, पूल, मुलांसाठी मिनी गोल्फ. ९० मिनिटांचे सव्वातीन तास झाले. मेंबरशिपचे आधी ७,९९५ डॉलर सांगितले, आम्ही नको म्हणालो तर मॅनेजर आला आणि ५,९९५ म्हणाला, मग अजून एक जण आला आणि ४,४९५ वर आलं, वर्षाचे ड्यूज ६९० वेगळे. हजार आत्ता भरा, बाकीचे पाच वर्षांच्या फायनान्सवर, व्याज १६.९ टक्के. हा रेट फक्त आजचाच म्हणत होते, पण मी उठायला लागले तेव्हा सोमवारपर्यंत होल्ड करतो म्हणाले.

ह्यांचं म्हणणं घेऊन टाकू, त्यांच्या कॅम्पग्राउंड्सवर आयुष्यभर रात्रीचं भाडं नाही. मला पोटात कुठेतरी बरोबर वाटत नाहीये पण नक्की काय ते सांगता येत नाही. आमची शाळा-नोकरी बघता वर्षाला साधारण १८ रात्री होतात, त्याही वीकेंड किंवा स्प्रिंग ब्रेकला. एरवी आम्हाला साइट, म्हणजे ट्रेलर लावायची जागा, रात्रीला ४५ डॉलरच्या आसपास पडते. कोणी घेतलीये का अशी मेंबरशिप?

हिशेबी_माणूस:
रानवाट, पोटात जे होतंय ते कागदावर मांडून बघू. दहा वर्षं धरा. सुरुवातीचे ४,४९५ आणि ड्यूज ६,९०० मिळून ११,३९५. वर्षाला १८ म्हणजे १८० रात्री, एक रात्र ६३ डॉलरला पडली. आत्ता तुम्ही ४५ देताय. आणि हे कधी, तर १८ च्या १८ रात्री त्यांच्याच जागांवर काढल्या तर. खरं सांगा, शुक्रवारी संध्याकाळी ट्रेलर जोडून निघाल्यावर पोचता येईल अशा त्यांच्या किती जागा आहेत? एक-दोन असतील तर मुलं दोन वर्षांत कंटाळतील. समजा १० रात्री तिथे झाल्या, तर रात्र ११४ डॉलरला गेली आणि उरलेल्या ८ रात्रींचे पैसे वेगळे मोजायचेच आहेत.

फायनान्सचं पण बघा, ३,४९५ वर त्या दराने पाच वर्षांत साधारण १,७०० नुसतं व्याज जातं. ड्यूज दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढले तर दहा वर्षांचे ६,९०० नाही, साडेआठ हजारांच्या वर होतात. टेबलावर सगळं बोलणं सुरुवातीच्या रकमेवर चालतं, ती ८ वरून ४ वर आली की आपल्याला वाटतं अर्धी वाचली, पण खरी किंमत ड्यूजमध्ये आहे आणि त्यात एक डॉलरही कोणी कमी केलेला नाही. तीन तासांत किंमत जवळजवळ अर्धी होते म्हणजे पहिली किंमत खरी नव्हतीच, आणि आजचाच रेट सोमवारी पण मिळतोय ना, मग तो पुढच्या वर्षी पण मिळेल.

चाकांवरचं_घर:
थोडी दुसरी बाजू सांगतो. आम्ही दोघं रिटायर झाल्यावर घर भाड्याने देऊन तीन वर्षं आरव्हीतच, म्हणजे चाकांवरच्या घरातच, राहिलो आणि आम्हाला मेंबरशिप चांगली मानवली. पण आमच्या रात्री वर्षाला दोनशेच्या वर होत्या आणि आठवड्याचे कुठलेही दिवस चालायचे. आम्ही मोठी लाइफटाइम घेतली नव्हती, थाउजंड ट्रेल्स या कॅम्पग्राउंडच्या साखळीचा एका झोनचा (विभागाचा) वर्षाचा कॅम्पिंग पास घेऊन बघितला. त्यात एका जागी १४ रात्री राहता येतं, मग पुढच्या त्यांच्या जागेवर जाण्याआधी ७ रात्री बाहेर काढाव्या लागतात, चार किंवा कमी रात्री राहिलात तर मात्र लगेच दुसरीकडे जाता येतं. हे नियम आधी वाचा, कारण तीन आठवड्यांतला एक आठवडा बाहेर म्हणजे त्या सात रात्रींचं भाडं आपल्याच खिशातून. आमच्या पहिल्या वर्षाच्या हिशेबात हे धरलंच नव्हतं.

टूरला जी जागा दाखवतात ती बहुतेक वेळा त्यातल्या त्यात चांगली असते. आम्ही जुन्या जागांवर राहिलो तिथे बऱ्याच साइट्सवर वीज ३० अँपचीच होती, दोन एसी एकदम चालत नाहीत, आणि सगळीकडे साइटवरच सांडपाण्याची जोडणी (सुअर हुकअप) नसते म्हणजे टाकी रिकामी करायला डंप स्टेशनला जा. २४ फुटी ट्रेलरला ३० अँप पुरेल, तरी विचारा. आणि फ्लोरिडा-ॲरिझोनाला हिवाळ्यात जागा मिळवायची तर बुकिंग उघडल्या दिवशी सकाळी उठून बसावं लागायचं. तुम्ही नोकरीवाले, तुम्हाला हवा तोच वीकेंड बाकीच्या सगळ्या मेंबरांना हवा असणार. रानवाटताई, पुढच्या तीन महिन्यांतले शुक्रवार-शनिवार त्यांना समोर बसून बुकिंग सिस्टिमवर उघडून दाखवायला सांगा. माझ्या मते हा एकच प्रश्न पुरेसा आहे.

सोनचाफा_६१:
मी जरा कळवळून लिहितेय कारण आमचं झालंय. २०११ मध्ये सही केली, तेव्हा मुलं लहान होती, आता दोघं कॉलेजातून बाहेर पडली. पहिली चार वर्षं भरपूर गेलो, मग क्रिकेट, भरतनाट्यम, एसएटी, वर्षाला तीन रात्री पण होईनात. ड्यूज मात्र येतच राहिले. मध्येच आमचं जवळचं कॅम्पग्राउंड त्या नेटवर्कमधून बाहेर पडलं, नवीन जवळचं म्हणजे सहा तासांवर. रद्द करायला फोन केला तर म्हणाले काँट्रॅक्टमध्ये तसा मार्ग नाही, ड्यूज थकले तर वसुली कंपनीकडे (कलेक्शनला) जातील. विकायला काढली, फुकट द्यायला काढली, ट्रान्सफर फी ऐकून घेणारा पळायचा. मग एका कंपनीचं पत्र आलं, आम्ही तुम्हाला मेंबरशिपमधून सोडवतो, आधी ३,००० भरा. नशिबाने भरले नाहीत. टाइमशेअरवाल्यांना (सुट्टीच्या घरात वर्षातले ठरावीक दिवस विकत घेतलेल्यांना) असेच आधी पैसे मागणारे लोक फसवतात, एफटीसी ही ग्राहकांसाठीची सरकारी संस्था त्याबद्दल कित्येक वर्षं सावध करतेय. शेवटी एका वकिलाकडून पत्र पाठवून आणि बरीच भांडाभांडी करून सुटका झाली.

म्हणून ही विनंती, बाहेर कसं पडायचं हे आत जायच्या आधी लेखी घ्या. नोकरी गेली, आजारपण आलं, ट्रेलर विकला तर काय? आमच्या मागे मुलांवर येणार का? ड्यूज वाढवायला वरची मर्यादा आहे का? सेल्समन तोंडाने काहीही म्हणू दे, काँट्रॅक्टमध्ये बहुतेक एक ओळ असतेच की लेखी आहे तेवढंच धरलं जाईल. आमच्यात होती, मी वाचली नव्हती.

अजून एक, तीन दिवसांत रद्द करता येतं म्हणून सही करून टाकू असं करू नका. फेडरल कूलिंग ऑफचा नियम तुमच्या घरी येऊन किंवा हॉटेल, जत्रा अशा तात्पुरत्या जागी केलेल्या विक्रीला आहे, त्यांच्या स्वतःच्या कायमच्या ऑफिसात बसून सही केली तर तो लागत नाही. टेक्सासमध्ये मेंबरशिप कॅम्पिंगसाठी प्रॉपर्टी कोडमध्ये वेगळा कायदा आहे, रद्द करायची मुदत आणि पद्धत तिथे आणि काँट्रॅक्टमध्ये दोन्हीकडे बघा.

हिशेबी_माणूस:
सोनचाफा, वाचून वाईट वाटलं, पण बरं झालं लिहिलंत.

रानवाट, १८ रात्रींसाठी स्वस्तातले मार्ग आहेत. पासपोर्ट अमेरिका या सवलतीच्या क्लबची वर्षाची फी पन्नासच्या आसपास आणि त्यांच्या यादीतल्या पार्कांत ५० टक्के सूट, पण कित्येक जागी वीकेंड, सुट्ट्या किंवा सीझनला ती सूट नसते, त्यामुळे तुमच्या जवळची यादी आधी बघा. गुड सॅम किंवा केओए रिवॉर्ड्स या कॅम्पिंगच्या मेंबरशिपवर १० टक्के सुटतात. आणि टेक्सास स्टेट पार्क्सचं कॅम्पिंग बुकिंग पाच महिने आधी उघडतं, कॅलेंडर लावून ठेवा. घरात ६२ च्या वरचं कोणी आहे का, सिटिझन किंवा ग्रीनकार्डवालं?

रानवाट:
सगळ्यांचे खूप आभार, रात्री दोघांनी बसून हे सगळं वाचलं. चाकांवरचं_घर म्हणाले तसं सकाळी फोन करून वीकेंड दाखवा म्हटलं, तर आधी म्हणाले मेंबर झाल्यावरच लॉगिन मिळतं, मग खूप मागे लागल्यावर एकाने बघून सांगितलं, तीन महिन्यांत दोन वीकेंड मोकळे, दोन्ही बिनाहुकअपच्या (वीज-पाण्याची जोडणी नसलेल्या) साइट. काँट्रॅक्टची कॉपी ईमेल करा म्हटलं तर ऑफिसात येऊनच बघा. ह्यांनीच फोन घेऊन नाही सांगितलं.

हिशेबी, सासरे आहेत ना आमच्याकडे, ६६ चे, ग्रीनकार्डवर. का?

हिशेबी_माणूस:
मग त्यांच्या नावाने ८० डॉलरचा लाइफटाइम सीनियर पास काढा, ६२ च्या वरच्यांसाठीचा सरकारी पार्कांचा पास. आर्मी कोअरच्या (सैन्याच्या इंजिनिअर विभागाच्या) तळ्यांवरच्या कॅम्पग्राउंडवर साइटचं भाडं सहसा अर्धं होतं, फक्त ते स्वतः बरोबर मुक्कामाला हवेत. तुम्हाला सॉमरव्हिल लेक जवळ पडेल, तिथे कोअरची कॅम्पग्राउंड्स आहेत.

रानवाट:
ते तर मुलांच्या आधी ट्रेलरमध्ये जाऊन बसतात. आजच काढते.