'चिंताविकृती' की 'चिंतेचा आजार'? एका पत्रकावरून पडलेला प्रश्न

कुळागरातली
गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या महिला मंडळासाठी अँग्झायटी डिसऑर्डरवरचं एक इंग्रजी पत्रक मराठीत करते आहे. पुस्तकांत भेटतो म्हणून 'चिंताविकृती' लिहिलं आणि मसुदा शेजारच्या मावशींना वाचायला दिला. त्यांनी कागद पालथा घातला. "विकृत माणसं वेगळी गे. हे कोणाच्या हातात देऊ नको." मग 'चिंतेचा आजार' केलं, तर म्हणाल्या, "चिंता कोणाला नाही? माझा पूत बोटीवर. वादळाची बातमी आली की मला झोप नाही. मग मी पण आजारी?"
दोन्हीकडे अडले आहे. सुचवा.

जुना मास्तर
विकार आणि विकृती एकाच धातूतून आलेले. मूळ स्थितीपासून ढळणं, एवढाच दोन्हींचा अर्थ. 'विकृत'ला वाईट वास लागला तो वर्तमानपत्रांतल्या गुन्ह्यांच्या बातम्यांमुळे. शास्त्रातला शब्द आपण सोडला तर तो त्या बातम्यांकडेच राहील. वापरत राहिलं की शब्द स्वच्छ होतो.

ओपीडीतली
मास्तर, तो स्वच्छ होईपर्यंत पेशंटने थांबायचं का? हृदयविकार म्हणायला कोणी लाजत नाही, म्हणून 'चिंताविकार' चालेल. विकृती नको.
मावशींच्या प्रश्नाचं उत्तर मात्र शब्दात नाही, काळजीच्या वागण्यात आहे. त्यांच्या काळजीला कारण आहे, ते म्हणजे बोट. मुलाचा फोन आला की ती उतरते. विकारात ती उतरत नाही. एक मिटली की दुसरी उभी राहते: मुलाचं झालं की गॅसचं, गॅसचं झालं की उद्याच्या बसचं. निदान सहा महिने, बहुतेक दिवस असंच, आणि थांबवू म्हटलं तरी थांबत नाही. सोबत झोप मोडणं, मान-खांदे आखडणं, चिडचिड, थकवा. घरातलं, कामातलं त्यामुळे अडायला लागलं की तो आजार. पॅनिक अटॅक निराळा. तो काही मिनिटांत टोकाला जातो, माणसाला वाटतं आता मरतो.
आणखी एक. आमच्याकडे 'मला चिंता आहे' म्हणत कोणीच येत नाही. 'धडधडतं', 'मुंग्या येतात', 'जीव घाबरा होतो' आणि सगळ्यांत जास्त 'टेन्शन'. थायरॉईड वाढलं तरी हेच होतं, म्हणून तपासणी आधी. पत्रकात टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६ नक्की घाला.

बेतीची फेरी
वडिलांबद्दल लिहितो. जुलै १९८६ मध्ये मांडवीवरचा पूल कोसळला. तेव्हा सगळ्यांनाच पुलाची धास्ती होती, त्यात नवल नाही. नवा पूल झाला, लोक विसरले. वडील विसरले नाहीत. म्हापशाहून पणजीला येताना ते बेतीला उतरून फेरीबोट धरायचे, वर्षानुवर्षं. एकदा लग्नाच्या गाडीतून पुलावर नेलं तर घामाने शर्ट भिजला. "गळा आवळतोय" म्हणाले. आम्ही भित्रे म्हणालो. आईने मीठ-मिरच्या घेऊन दिश्ट काढली. एका डॉक्टरांनी ईसीजी बघून "काही नाही, मनाचे खेळ" म्हणून परत पाठवलं. याला नाव आहे आणि उपचारही आहे, हे आम्हाला फार उशिरा कळलं. म्हणून मला नाव हवं. कुठलंही, पण हवं.

पोथीवाला
'गळा आवळतोय' वाचून थांबलो. अँग्झायटीच्या मुळाशी लॅटिन 'अँगेरे' आहे, म्हणजे आवळणं. ऋग्वेदातला 'अंहस्' त्याच कुळातला. संकट, आणि मुळात अरुंदपणा. तुमच्या वडिलांच्या तोंडून नेमका तोच अर्थ आला. आपली 'काळजी' काळजातली, आणि काळीज म्हणजे मुळात यकृत (संस्कृत 'कालेय'). 'चिंता' मात्र नुसतं चिंतन, विचार करणं. शरीर त्यात नाहीच. म्हणून हा शब्द मला इथे लंगडा वाटतो.

जुना मास्तर
चिता आणि चिंता यांत एका अनुस्वाराचा फरक, असं सुभाषितात आहे. जिवंतपणी जाळते ती चिंता. शरीर नाही कसं म्हणता?

पोथीवाला
ते सुभाषितकाराचं कौशल्य. धातू बघा.

शापोराकाठची
सत्तरी तालुक्यातल्या बायकांसाठी आहे ना? मग 'हुसको' का नाही? तिथे घरात काळजीला हुसकोच म्हणतात.

जुना मास्तर
तो कोकणी शब्द. मराठी पत्रक मराठीतच असावं. १९८७च्या कायद्याने कोकणी राजभाषा झाली, त्यानंतर गोव्यात मराठीसाठी काय काय सोसलं ते मी पाहिलं आहे.

शापोराकाठची
मीही पाहिलंय, मास्तर. आमच्या घरात कोकणी बोलतात आणि चवथीला आरती मराठीत म्हणतात. झोप उडालेली बाई आधी शब्दाचं गाव विचारत नाही. आणि तुमची 'फिकीर' तरी कुठली? अरबीच ना?

ओपीडीतली
हुसको चांगला, पण तो साध्या काळजीसाठी ठेवा. मावशींचा तो हुसको. आजाराला दुसरा शब्द हवा, नाहीतर परत 'मग मी पण आजारी?'
नावापेक्षा ऐकणारं माणूस जास्त लागतं, हेही सांगते. 'संगत' संस्था १९९६ पासून गोव्यात मानसिक आरोग्यावर काम करते. गावातल्याच लोकांना शिकवून त्यांनी आरोग्य केंद्रांत समुपदेशक म्हणून बसवलं. त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले.

बेतीची फेरी
भीतीला आमच्याकडे 'भिरांत' म्हणतात. वडिलांची ती भिरांतच होती. हुसको नव्हे.

पोथीवाला
हुसको आणि मराठी 'हुरहूर' यांचा काही संबंध असेल का? दोन्हींत तो 'हु' आहे, उसासा टाकल्यासारखा.

जुना मास्तर
हुरहूर गोडही असते. हुसको गोड असतो का?

कुळागरातली
मथळ्याची जागा अजून कोरी आहे. आत मात्र वाक्य लिहिलं: 'मुलाचा फोन आला तरी जी काळजी जात नाही, ती.' मावशींनी ते दोनदा वाचलं आणि कागद या वेळी सरळ ठेवला. त्यांचं माहेर पेडण्याचं. तिथे हुसको म्हणतात का?

शापोराकाठची
आमच्या वाड्यावर 'घोर'च. 'पोराचा घोर लागलाय' म्हणायची आजी. हुसको मी म्हापशाला कॉलेजात आल्यावर ऐकला. डिचोलीकडचं कोणी आहे का इथे?