'अग्रोइकोस'ला मराठीत काय म्हणावं?

ओसरी: थिओफ्रास्टस या प्राचीन ग्रीक लेखकाच्या स्वभावचित्रांतलं चौथं चित्र मराठीत आणते आहे. शीर्षक 'अग्रोइकोस'. अग्रोस म्हणजे शेत, ओइकोस म्हणजे घर. हा माणूस पायांपेक्षा मोठी पायताणं घालतो, मोठमोठ्यानं बोलतो, एरवी कशाचं नवल करत नाही, पण वाटेत बैल, गाढव दिसलं की बघत उभा राहतो. मी 'गावंढळ' लिहिलं. बाबांनी वाचून विचारलं, "बैलाकडे बघणं हा दोष कधीपासून?" तिथेच अडले. 'खेडूत' चालेल?

माळरान: नाही चालणार. खेडूत फक्त राहण्याचं ठिकाण सांगतो. अ‍ॅरिस्टॉटलकडे तर शेताचा संबंधच उरत नाही; जो स्वतः विनोद करत नाही आणि दुसऱ्यानं केलेला सोसत नाही, तो अग्रोइकोस. तिथे मी 'रुक्ष' म्हणेन.

पंचपाळं: सरळ संस्कृत दिसतंय की! अग्र + ओकस्. ओकस् म्हणजे घर. गावाच्या टोकाला राहणारा.

माळरान: मोह होतो खरा, पण नाही. ओइकोसच्या आधी जुन्या ग्रीकमध्ये 'व' होता. त्याचे नातलग म्हणजे संस्कृतातले विश् (वस्ती) आणि वेश (घर, पोशाख नव्हे); वैश्य विश्‌मधूनच. ओकस् वेगळ्या धातूचा. आणि अग्रोसचा भाऊ अग्र नव्हे, ऋग्वेदातला 'अज्र', म्हणजे शेत, मैदान.

अनवट: 'ग्राम्य' लिहा. ग्रीकांत अस्तेइओस म्हणजे शहरातला आणि म्हणून चतुर, आपल्याकडे तोच नागर. जोडी तयार आहे.

बांधावरून: माझा 'ग्राम्य'ला विरोध आहे. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटानं 'कटि' हा शब्द काव्यातल्या ग्राम्य दोषाचं उदाहरण म्हणून दिला. आपण विठोबाचे हात कटेवर म्हणतो, कुणाला तो हलका वाटतो? वसतिगृहात पहिलं वर्षभर मला गावंढळ म्हणत, कारण मी 'पानी' म्हणायचो. हे शब्द शहरानं घडवलेत. अथेन्समध्येही तेच. ग्रीक इतिहासकार थुसिडिडीस सांगतो की इ.स.पू. ४३१च्या स्पार्टाबरोबरच्या युद्धापर्यंत बहुतेक अथेनियन खेड्यांतच राहत होते. अथेन्सचा नेता पेरिक्लीसनं त्यांना शहराच्या तटाच्या आत आणलं तेव्हा घरं सोडणं त्यांना फार जड गेलं. अ‍ॅरिस्टोफेनीसच्या विनोदी नाटकातला शेतकरी दिकाइओपोलिस अथेन्सच्या सभेत बसून शेताकडे डोळे लावतो, कारण त्याच्या गावात 'कोळसा घ्या' असं कुणी ओरडत नाही, सगळं घरचंच असतं. त्याला गावंढळ म्हणणार?

अनवट: दिकाइओपोलिसला नाही. पण ओसरीताईंचा माणूस वेगळा आहे. लेखकानं नावं ठेवली असतील तर अनुवादकानं ती पुसू नयेत.

निंबोणी: 'गावठी' का नको? आमच्या कोकणात गावठी कोंबडी, गावठी तांदूळ म्हणजे अस्सल माल. दोन्ही छटा येतात.

बांधावरून: कोंबडीला मान, माणसाला शिवी. आमच्याकडे चांगल्याला 'गावरान' म्हणतात. गावठी फक्त दारू.

पंचपाळं: आमच्या वऱ्हाडात गावरानी. गावरानी आंबा, गावरानी लसूण. हा 'रान' अरण्यातला की नुसता प्रत्यय?

निंबोणी: आणि गावठीतला 'ठ'? गावठाणातला, म्हणजे स्थानातला असावा असं आजोबा म्हणायचे.

ओसरी: माझ्या शीर्षकाचं काय? तूर्त 'शेतावरचा' लिहून ठेवलंय. बाबांना ते पटलं, मला अजून नाही.

माळरान: 'शेतावरचा' म्हणजे आमच्याकडे सालगडी. निंबोणी, गावठाणाचं पटत नाही. मराठवाड्यात कुणी 'गावठी' बोलतं का, ते आधी सांगा.